डॉक्टर, याला काय घालू?

माणसांच्या डॉक्टरवर आपला फार विश्वास असतो अशातला भाग नाही, पण त्याच्यावर संशय घ्यायला थोडे कष्ट पडतात. तो चिठ्ठी लिहितो, औषध शेजारच्या दुकानात मिळतं, आणि दोघांचं काही साटंलोटं असेल का याची चर्चा आपण घरी जाताना रिक्षात करतो. कुत्र्याच्या डॉक्टरने ही आडपडद्याची सोयच ठेवलेली नाही. त्याच्या खुर्चीमागेच फडताळ असतं. फडताळात दाण्यांच्या पिशव्या, आणि पिशव्यांवर तुकतुकीत अंगाचे, आपल्या घरातल्या कुणाहीपेक्षा समाधानी दिसणारे कुत्रे. डॉक्टर तपासून म्हणतात, "याला जरा हे सुरू करा," आणि वळूनही न बघता हात मागे नेऊन नेमकी पिशवी काढतात. त्या सराईत हाताकडे बघताना मराठी माणसाच्या डोळ्यांत जो भाव उमटतो, तो मंडईत 'आजच तोडलाय, साहेब' हे ऐकल्यावर उमटतो तोच.

मग आपण पैसे देतो, पिशवी घेतो, आणि डॉक्टरने सांगितलं ते खरं की खोटं हे विचारायला टेकडीवर जातो.

टेकडीवर सकाळी सहा ते आठ आहारशास्त्राचं खुलं विद्यापीठ भरतं. एक गृहस्थ कुत्र्याला फक्त कच्चं मांस घालतात, कारण लांडगा काय पोळी लाटून खातो का. एक बाई फक्त दहीभात घालतात, कारण उन्हाळा आहे. पावसाळ्यातही दहीभातच असतो, तेव्हा कारण बदलतं. आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका आयुष्यभर अल्सेशियन बाळगून आहेत. ते पिशवीच्या मागची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर ढकलून वाचतात आणि निकाल देतात : "पहिलं नाव कोंबडीचं आहे. माल चांगला." आता यादीत घटक वजनाने लावतात आणि कच्च्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे पहिला नंबर पुष्कळदा त्या पाण्याला मिळालेला असतो. पण काकांना हे कोण सांगणार? त्यांच्या अल्सेशियनच्या समोर तर कुणीच नाही.

या मंडळींवर आपला चटकन विश्वास बसतो, कारण त्यांना त्यात काही मिळत नाही. ज्याला काही मिळत नाही तो खरं बोलतो, हा आपला जुना आणि लाडका गैरसमज आहे. चुकीचं सांगायला लोभच लागतो असं नाही. हौस पुरते.

आमच्या घरात हा प्रश्न आणला मोत्याने. मोत्या लॅब्रॉडॉर आहे, रंगाने खजुरी, स्वभावाने भुकेला. या भुकेचीही एक शास्त्रीय बाजू आहे, ती मी त्याच्या वतीने मांडून ठेवतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारांतल्या एका लॅब्रॉडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि असे कुत्रे इतरांहून वजनदार आणि खाण्याच्या मागे जास्त लागलेले आढळतात. मोत्याच्या जनुकांची तपासणी आम्ही केलेली नाही. पोळीचा डबा उघडला की तो तिसऱ्या खोलीतून येतो, एवढा पुरावा आम्हाला पुरेसा वाटला.

आईचं म्हणणं सरळ होतं. कुत्रं घरातलं खातं. तिच्या माहेरी कुत्र्याला भाकरी आणि ताक मिळायचं, धनगरांची कुत्री तर त्यावरच मेंढरामागे दिवसभर पळायची, आणि कुठल्याच कुत्र्याला कधी डॉक्टर लागला नाही. यातलं शेवटचं वाक्य मला नेहमी विचारात पाडतं. जी कुत्री जगली ती सगळ्यांच्या लक्षात आहेत. जी पिल्लं वर्षाच्या आत गेली त्यांची नोंद कुठल्या माहेरी ठेवली होती? शिवाय ते कुत्रं मैलोन् मैल रान तुडवत होतं. मोत्याचं रान म्हणजे सोफा ते फ्रीज.

पण भाकरीच्या बाजूने एक गोष्ट खरोखरच आहे. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्सालातल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारात राहून कुत्रा माणसाचं धान्य पचवायला शिकला, तो थेट रक्तातून. टेकडीवरच्या लांडगेवाल्या गृहस्थांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचा कुत्रा अंगाने मोठा आहे. आईला मात्र उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी स्वीडनला कशाला जायला हवं होतं?"

आपल्याकडे कुत्र्याच्या आहाराची सर्वांत थोर गोष्ट नामदेवांची. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाणार म्हणून. भक्तीच्या अंगाने या गोष्टीपुढे बोलायला जागा नाही. तरी मला उगीच वाटतं, की त्या वाटेवर आजचा एखादा पशुवैद्य उभा असता तर तो दोन्ही हात पसरून आडवा आला असता. स्निग्ध पदार्थ एकदम पोटात गेले तर काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं, उलट्या सुरू होतात, सलाइन लावायची वेळ येते. त्या कुत्र्याला काही झालं नाही, कारण तो साक्षात पांडुरंग होता. मोत्याच्या बाबतीत आम्हाला तेवढी खात्री नाही.

तर डॉक्टर आणि पिशवी यांची गाठ पडली कुठे? मला वाटायचं, आधी कंपन्या आल्या असतील आणि मग त्यांनी डॉक्टरांना गाठलं असेल. सुरुवात तशीच दिसते. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ वीज पडू नये म्हणून छपरावर लावायच्या सळया विकायला इंग्लंडला गेला. तिथे धक्क्यावरची कुत्री बोटींवरची टाकून दिलेली बिस्किटं मिटक्या मारत खाताना त्याने पाहिली, अशी कथा सांगतात, आणि त्याने कुत्र्यांचं बिस्किट काढलं. त्याच्याकडे चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक मुलगा नोकरीला लागला. हाच पुढे कुत्र्यांची प्रदर्शनं भरवू लागला आणि १८९१ पासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे आधी बिस्किट विकायचं, मग ते खाणाऱ्यांची मिरवणूक काढायची. एवढ्या उलाढालीत डॉक्टर कुठेच नाही.

डॉक्टर आला तो एका आंधळ्या माणसाच्या कुत्रीमुळे. अमेरिकेत मॉरिस फ्रँक यांची बडी नावाची वाटाडी कुत्री होती, अल्सेशियन. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या बडीला १९३९ च्या सुमारास न्यू जर्सीच्या मार्क मॉरिस या पशुवैद्याकडे नेलं. औषध नव्हतं; मॉरिस यांनी तिच्यापुरतं वेगळं अन्न शिजवून पाहिलं आणि तिला बरं वाटू लागलं. फ्रँक गावोगाव भाषणं देत हिंडायचे, म्हणून डॉक्टर आणि त्यांची बायको घरी बरण्या भरून पाठवू लागले. बरण्या वाटेत फुटायच्या, म्हणून मग डबे आले. मागणी स्वयंपाकघराच्या बाहेर गेली तेव्हा, १९४८ मध्ये, कॅन्ससमधल्या हिल नावाच्या कारखान्याशी करार झाला. फ्रान्समध्येही १९६८ मध्ये झाँ कातारी या पशुवैद्याने कुत्र्यांचे त्वचारोग अन्नाने बरे होतात का हे बघता बघता 'रॉयल कनँ' उभी केली. दुकान दवाखान्यात घुसलं हे आपलं म्हणणं निदान या दोन ठिकाणी उलट पडतं. इथे दवाखान्यातून दुकान निघालं.

पुढचं मात्र आपल्या संशयाला पोषक आहे. हिलची कंपनी १९७६ मध्ये कोलगेटवाल्यांनी घेतली. रॉयल कनँ आज मार्सकडे आहे. मार्स म्हणजे चॉकलेटवाले, आणि चॉकलेट हे कुत्र्याला विष! कुत्र्यांचे दाणे विकणारी प्युरिना नेस्लेकडे आहे, तेही चॉकलेटवालेच. स्वयंपाकघरातल्या बरण्या फुटत होत्या तोवर प्रश्न भूतदयेचा होता. हिशेब तीन महिन्यांनी मांडायचा झाला, की मग पिशव्याही वाढतात : पिल्लाची वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी, घरात राहणाऱ्याची वेगळी, लॅब्रॉडॉरची वेगळी, पगची वेगळी. आमच्या गल्लीतल्या खंड्याच्या जातीची पिशवी मात्र मी अजून पाहिलेली नाही. तो चहाच्या टपरीवरच्या खारीवर आहे आणि त्याच्या अंगावर चरबीचा लवलेश नाही.

डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल बोलायचं तर मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. पण ज्या देशात जनावर म्हणजे दूध नाहीतर औत, तिथे पशुपोषणाच्या तासाला कडबा, सरकी पेंड, मूरघास आणि कोंबड्यांचं खाद्य यांचंच राज्य असणार. कुत्रा दूध देत नाही, नांगर ओढत नाही. अभ्यासक्रमातही तो दारातच बसलेला असतो. पुण्यामुंबईत दवाखाना थाटल्यावर डॉक्टरसमोर मात्र रांगेने कुत्रेच येतात. मधली उणीव भरून काढायला कंपनीचा प्रतिनिधी येतो, हातात तक्ते आणि नमुन्याच्या पाकिटांसह. एखाद्या हॉटेलात व्याख्यान असतं, व्याख्यानानंतर जेवण. जेवण डॉक्टरचं, विषय कुत्र्याच्या जेवणाचा. यात लबाडीच असते असं मी म्हणत नाही. पण एकच मास्तर असला की गणित त्याच्याच पद्धतीने सुटतं.

एवढं सगळं माहीत असूनही मी डॉक्टरच्या बाजूला का झुकलो, तर टेकडीचा इतिहास त्याहून वाईट आहे म्हणून. मध्यंतरी धान्यमुक्त अन्नाची लाट आली. गहू-तांदूळ वाईट, म्हणून त्यांच्या जागी वाटाणा आणि मसूर. ही फॅशन दवाखान्यांनी नव्हे, जाहिरातींनी आणि दुकानांनी वाढवली. मग अमेरिकेत पशुहृदयरोगतज्ज्ञांना हृदय फुगलेले कुत्रे दिसू लागले, ज्यांच्या जातीत तो आजार सहसा नसतो असेसुद्धा, आणि त्यांच्या ताटात हेच अन्न. २०१८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने चौकशी जाहीर केली. २०२२ च्या अखेरीस, कार्यकारणभाव सिद्ध करण्याइतकी माहिती हाती नाही असं म्हणून, नवं काही हाती लागेपर्यंत जाहीर माहिती देणं थांबवलं. निकाल अधांतरी राहिला. पण शंकेचा पहिला हात वर केला तो स्टेथोस्कोपवाल्यांनी, हे विसरता येत नाही.

घरच्या अन्नाचंही तसंच. आपण समजतो, हाताने शिजवलं की त्यात सगळं उतरतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के कृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. आणि गंमत अशी, की निम्म्याहून जास्त कृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणजे डॉक्टर आहारतज्ज्ञ असतोच असं नाही, ही काकांची नेहमीची तक्रार खरी. पण तो नसला तर काका आहारतज्ज्ञ ठरतात, हे काही त्यातून निघत नाही.

असा मनाचा निम्मा-निम्मा कौल घेऊन आम्ही मोत्याला वार्षिक लशीसाठी नेलं. सगळेच गेलो, मोत्याला एकट्याने धरता येत नाही. डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं, आकडा बघितला, पुसल्यासारखं करून पुन्हा बघितला.

"काय देता याला?"

"दाणे. दोन वेळा," मी म्हणालो.

"मोजून?"

"वाटीने."

"कुठल्या वाटीने?"

या प्रश्नावर आमचं कुटुंब दुभंगलं. मी म्हणालो आमटीची. ही म्हणाली, "छे, श्रीखंडाची." मुलगा म्हणाला वाटी नसतेच, डब्यातला मग असतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आणि वरचं काही?"

"वरचं काही नाही हो," आई म्हणाली. "एखादी पोळी."

"आजी, तीन," मुलगा म्हणाला.

"त्या काय, फुलके असतात. आणि साय. सायीचं काय मोजायचं? चहाबरोबर टोस्ट देतो हा," असं म्हणत तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग पौर्णिमेला प्रसादाचा शिरा."

"बेदाणे असतात शिऱ्यात?"

"प्रसाद आहे, डॉक्टर. असणारच."

बेदाण्याने आणि द्राक्षाने कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं, कांद्याने रक्तपेशी फुटतात, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, हा तिचा प्रश्न त्यांनी शास्त्राच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून दिला. मग ते म्हणाले, "आजी, हात द्या तुमचा. मूठ वळा. आता दुसऱ्या हाताची बोटं या गाठींवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा टोचल्या तर तो हाडकुळा. आता मूठ उघडा, पालथ्या हातावर बोटांच्या मुळाशी फिरवा. अशा लागल्या तर बरोबर. आणि तळहाताच्या बाजूने, हे मऊ लागतं ना, असं लागलं तर जाडा. आता मोत्याला बघा."

आईने मोत्याच्या कुशीवर हात ठेवला. दाबला. सरकवला. मोत्याला वाटलं लाड चाललेत. तो उताणा होऊ लागला. बराच वेळ ती शोधत राहिली, आणि मग बरगड्यांची बाजू घेत म्हणाली, "आहेत हो. आतमध्ये आहेत."

मी याच क्षणाची वाट बघत होतो. आता हात मागे जाणार, फडताळातून वजन कमी करायची पिशवी येणार, आणि माझा संशय सनदशीर ठरणार. हात गेला तो समोरच्या कागदाकडे. "अन्न बदलायचं नाही," ते म्हणाले. "आहे तेच, पण पाऊण करा. वाटी बंद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. पोळी, साय, टोस्ट बंद. काही द्यायचंच तर गाजर. दोन महिन्यांनी वजनाला आणा, त्याचे पैसे नाहीत."

मला चेव आला. विचारून टाकलं, "डॉक्टर, यातली खरोखर चांगली पिशवी कुठली?" ते फडताळाकडे बघून हसले. म्हणाले, मूत्रपिंडाचा रोगी किंवा लघवीत खडे असलेला कुत्रा आला, तर त्या खालच्या कप्प्यातलं अन्न ते आग्रहाने देतात, कारण तिथे अन्न हेच औषध असतं. धडधाकट कुत्र्याला मात्र पूर्ण आणि संतुलित अन्न म्हणून निकषाला उतरलेली कुठलीही बरी पिशवी चालते. कंपनीला फोन करून विचारावं, अन्नाची कृती कोण ठरवतं, त्याचं शिक्षण काय, कारखाना स्वतःचा का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पिशवी खाली ठेवावी. "आणि खाऊ घालून तपासलंय असं लिहिलेलं असतं," ते पुढे म्हणाले, "त्याचा अमेरिकन नियम म्हणजे किमान आठ कुत्रे, सव्वीस आठवडे. त्यातले सहा शेवटपर्यंत राहिले तरी चालतं. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. पण आयुष्यभराची हमीही नाही." स्वतःच्या दुकानातल्या मालाबद्दल एवढं बोलणारा दुकानदार मी तरी लक्ष्मी रोडला पाहिलेला नाही.

"तुमच्याकडे कुत्रा आहे?" हिने विचारलं.

"आहे."

"त्याला काय घालता?"

"मी हेच दाणे घालतो," डॉक्टर म्हणाले, आणि आवाज जरा खाली आणत, "बाकी माझी आई काय घालते ते मला कुणी सांगत नाही."

घरी आल्यावर मी शोधलं, तर या पाऊणाला आधार सापडला. प्युरिनाने ४८ लॅब्रॉडॉर पिल्लांच्या जोड्या लावून चौदा वर्षं एक प्रयोग चालवला. जोडीतल्या एकाला जेवढं, दुसऱ्याला त्याच्या पाऊणपट. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला : कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेही त्यांचे उशिरा धरले. सगळा खर्च दाणे विकणाऱ्यांचा, आणि निघालं काय, तर दाणे कमी विकत घ्या. कंपनीच्या पैशाने झालेल्या संशोधनावर विश्वास ठेवू नये हे मला मान्य आहे. पण कंपनीच्याच तोट्याचं निघालं तर काय करायचं, हे त्या नियमात लिहिलेलं नाही.

संध्याकाळी काटा ओट्यावर ठेवला. मोत्याचं ताट मोजून भरलं, तेव्हा तळाशी स्टीलवर कोरलेलं माझ्या आजोबांचं नाव बऱ्याच काळाने दिसलं. मोत्याने ते ताट संपवलं, ताटाभोवतीची फरशी संपवली, आणि आईच्या खुर्चीपाशी जाऊन बसला. आईने पदराने डोळे टिपले नाहीत एवढंच. हिलाही वाटलं की पाऊण जरा जास्तच कडक आहे. टेकडीवरही चौकशी झाली आणि असं ठरलं, की हल्लीच्या डॉक्टरांना अनुभव नसतो. ज्या फडताळाकडे मी इतके दिवस डोळे बारीक करून बघत होतो, त्याच्याबद्दल आता घरात कुणीच बोलत नव्हतं. सगळा राग त्या कागदावर होता.

"मी सांगते तुला," आई म्हणाली, "त्याला कमिशन मिळत असणार."

"अगं, तो कमी घाला म्हणतोय. कमी घाला सांगण्याबद्दल कोण कमिशन देणार?"

आईने मोत्याच्या डोक्यावरून हात फिरवत थोडा विचार केला.

"गाजरवाले," ती म्हणाली.